शरदातल्या वस्तू आणि मुलांची वाचा

मूल बोलत नाही, ही गोष्ट आपल्याकडे सहसा उंबरठ्याबाहेर जात नाही. आजी म्हणते, "याचा बापही असाच होता, चौथ्या वर्षी तोंड उघडलं त्यानं." शेजारीण म्हणते, "मुलगे उशिराच बोलतात." कुणी सांगते, जीभ जड आहे, वेखंड चोळा. अशा धीराच्या शब्दांत दोन-तीन वर्षे निघून जातात. मूल अंगणवाडी ओलांडून पहिलीच्या वर्गात जाऊन बसते आणि बाईंच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही म्हणून हळूहळू मागच्या ओळीत सरकते. एकदा मागच्या ओळीत गेलेल्या मुलाला पुढे आणणे किती कठीण असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. म्हणून हा विषय स्मरणिकेच्या पानांवर यावा असे वाटले.

प्रस्तुत लेखात वाचा-उपचाराचे, म्हणजे ज्याला आपण स्पीच थेरपी म्हणतो त्याचे, सगळे शास्त्र सांगण्याचा हेतू नाही. आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत आपल्या घरात, बाजारात आणि शेतात ज्या वस्तू आपोआप येतात, त्यांचा उपयोग मुलाचे बोलणे वाढवण्यासाठी कसा करावा, एवढेच सांगायचे आहे. पण त्याआधी दोन-तीन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत.

वाचा-उपचार म्हणजे जिभेचा व्यायाम, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः जीभ हा त्यातला लहानसा भाग. ऐकणे, ऐकलेले समजणे, शब्द जमणे, शब्दाला शब्द जोडून वाक्य होणे, उच्चार स्पष्ट असणे, बोलण्याचा ओघ न अडखळणे आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली देवाणघेवाण, म्हणजे मी काही सांगावे, समोरच्याने ते घ्यावे आणि परत काही द्यावे, हे सगळे मिळून बोलणे होते. एखादे मूल विहारात सर्वांबरोबर वंदना न चुकता म्हणते, घरी कविता घडाघडा म्हणून दाखवते, पण तहान लागली तर "पाणी दे" म्हणत नाही, आईचा हात धरून तिला माठापाशी ओढत नेते. अशा मुलाचे पाठांतर ऐकून आईबाप निश्चिंत राहतात. पाठांतर चांगलेच आहे, परंतु ते संभाषण नव्हे. मूल स्वतःच्या गरजेसाठी स्वतःचा शब्द वापरते की नाही, हे पाहायचे असते.

साधारणपणे वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दुसरे वर्ष पूर्ण होताना सुमारे ५० शब्द आणि "आई ये", "दूध दे" अशी दोन शब्दांची जोडी यावी. तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्ये आणि चौथ्या वर्षी परक्या माणसालाही बहुतेक कळेल असे बोलणे. प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते हे खरे. तरी दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत शब्दांची जोडी नाही, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात मागे गेले, तर वाट पाहू नये. यातली शेवटची खूण सर्वांत गंभीर समजावी.

आधी कान

बोलण्याची तक्रार घेऊन गेल्यावर कोणताही जाणकार तज्ज्ञ पहिल्यांदा ऐकणे तपासतो. जे मूल ऐकत नाही ते बोलणार कसे? आईबाप सांगतात, "ऐकू येतं की, ताट पडलं तर दचकतो." पण ताटाचा आवाज आणि "स", "फ", "क" यांचा बारीक आवाज यांत फार अंतर आहे. मोठा आवाज ऐकणारे मूलही शब्दांतले निम्मे आवाज गमावत असू शकते. तान्ह्या बाळाचीही श्रवणतपासणी होते. बेरा नावाची तपासणी तर मूल झोपलेले असताना करतात, त्यात दुखण्यासारखे काही नसते.

शरदाच्या तोंडावर ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. पावसाळाभर मुलांना सर्दी-पडसे असते. त्यातून पडद्यामागे पाणी साठते, काहींचा कान फुटून वाहू लागतो. अशा मुलाला एके दिवशी बरे ऐकू येते, दुसऱ्या दिवशी कमी, आणि घरचे म्हणतात, "हा मुद्दाम लक्ष देत नाही." कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नये, काडी घालू नये, कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. पुढे सांगितलेले खेळ कान तपासण्याऐवजी करायचे नाहीत, त्याच्या जोडीने करायचे आहेत.

ऋतूचा संबंध काय?

अमेरिका-इंग्लंडकडच्या वाचा-उपचारतज्ज्ञांमध्ये शरद ऋतूचे खेळ फार लोकप्रिय आहेत. लालपिवळी झालेली मेपलची पाने, ओकची फळे गोळा करणारी खार, ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला कोरायचा मोठा भोपळा, शेतातले बुजगावणे, या चित्रांवर तिकडची मुले शब्द आणि उच्चार शिकतात. तिथे ते अगदी योग्य आहे, कारण दार उघडले की मुलाला तेच दिसते. आपल्याकडे मात्र त्या चित्रांची छापील कार्डे जशीच्या तशी येतात आणि ओकचे फळ जन्मात न पाहिलेल्या मुलाला त्याचे नाव विचारले जाते. मूल गप्प बसते. ते गप्प बसणे वाचादोषात मोजले जाते!

आपला शरद तसा नाही. पाने गळतात ती आपल्याकडे शिशिरात. आपला शरद म्हणजे पाऊस सरून कडक पडलेले ऊन, बाजरीची आणि ज्वारीची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, झेंडूचे ढीग, बीड-बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे, भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतले शिंगाडे, वेचणीला आलेला कापूस, गवतावर घिरट्या घालणारे चतुर. तिकडून घ्यायची ती रीत घ्यावी, चित्रे नव्हेत.

रीत अशी आहे. कोणताही नवा शब्द मुलाच्या तोंडी येण्याआधी तो त्याला अनेकदा आणि वेगवेगळ्या ठिकाणी ऐकावा लागतो. कार्डावरचा "शेंगा" हा शब्द खोलीतच राहतो. परंतु आश्विनात शेंगा बाजारात दिसतात, पातेल्यात उकडतात, अंगणात वाळतात, टरफले केरात निघतात. एकच शब्द दिवसात वीस वेळा, हात लावून, वास घेऊन, चव घेऊन भेटतो. शिवाय उपचाराचा वर्ग आठवड्यातून एकदा, तोही पाऊण तासाचा. मूल दिवसाचे बारा तास जागे धरले तरी आठवड्याचे ८४ तास होतात. पाऊण तास तज्ज्ञाचा, उरलेले सगळे तास आईचे, आजीचे, मोठ्या बहिणीचे.

टोपलीभर झेंडू, पातेलंभर शेंगा

झेंडूपासून सुरुवात करू. दीड-दोन वर्षांच्या, अजून शब्द न आलेल्या मुलापुढे टोपलीभर फुले ओतावीत आणि मोठ्या माणसाने जमिनीवर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. "हे काय? बोल! बोल ना!" असा तगादा लावू नये. तगाद्याने मूल मिटते. त्याऐवजी मूल जे करते त्याला आपण शब्द द्यावेत. त्याने फूल उचलले, "फूल." त्याने कुस्करले, "कुस्करलं! पाकळ्या पडल्या." त्याने नाकाशी नेले, "वास आला, छान वास." छोटी वाक्ये, सावकाश, तोच शब्द पुन्हा पुन्हा. क्रिकेटच्या समालोचकासारखे, फक्त शब्द कमी.

मूल "फू" म्हणाले तर "फू नाही, फूल म्हण" असे खोडून काढू नये. "हो, फूल! पिवळं फूल," असे म्हणावे. मुलाचा शब्द स्वीकारायचा आणि त्यात एक शब्द घालून परत करायचा. दोन शब्द बोलणाऱ्याला तीन शब्द परत, तीन बोलणाऱ्याला चार. एकदम दहा शब्दांचे वाक्य परत केले तर ते त्याच्या डोक्यावरून जाते. सगळ्या उपायांतला हा सर्वांत सोपा आणि सर्वांत टिकाऊ उपाय आहे. याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. अक्षरओळख नसलेली आजी तो उत्तम करते, कित्येकदा शिकलेल्या बापापेक्षा अधिक चांगला, कारण तिला घाई नसते.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे थांबणे. एक फूल मुलाच्या हाती द्यावे, दुसरे आपल्या हातात धरून ठेवावे, मुलाकडे पाहावे आणि मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. बहुतेक घरांत मुलाला तोंड उघडायला दोन सेकंदही मिळत नाहीत, त्याच्या आधी कुणीतरी वस्तू देऊन टाकते. थांबल्यावर मूल हात पुढे करील, आवाज काढील, पाहील. जे करील ते मागणे समजून लगेच द्यावे आणि शब्द जोडावा, "दे. घे." बोट दाखवणे, मान हलवणे हेही बोलणेच आहे. आधी हात बोलतात, मग तोंड. आपट्याची पाने या देण्याघेण्याला फार छान. दसऱ्याला पाने वाटण्याची रीत ज्यांच्या घरी नाही त्यांच्याही अंगणात किंवा रस्त्यावर आपटा असतोच. त्याचे पान मधोमध विभागलेले, पुस्तकासारखे मिटते-उघडते. "मिटलं, उघडलं", "एक, दोन", "मोठं, छोटं" एवढे शब्द एका पानात निघतात. त्यासाठी चार पाने पुरेत, फांद्या ओरबाडायचे कारण नाही.

शेंगांचे काम जरा मोठ्या, अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी. इथे क्रियापदे शिकवायची असतात. आपण मुलांना नावे फार शिकवतो, हत्ती, घोडा, सफरचंद. परंतु वाक्य उभे राहते ते क्रियापदावर. शेंगा धू, पाणी ओत, मीठ टाक, उकड, निथळ, फोड, सोल, खा. पातेल्याचे झाकण घट्ट लावून मुलाच्या हाती द्यावे, उघडेना की ते मदत मागेल, "उघड" हा शब्द त्या क्षणी पेरावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंगा आणल्या की "काल आपण काय केलं?" असे विचारून कालचा क्रम त्याच्याकडून सांगवून घ्यावा.

येथे एक सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. अख्खे शेंगदाणे आणि सीताफळाच्या बिया चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नयेत, त्या श्वासनलिकेत अडकतात. लहान मुलाला शेंग फोडू द्यावी, दाणा कुटून किंवा मऊ करून द्यावा, सीताफळाचा गर मोठ्यांनी बिया काढून भरवावा. खेळताना कोणी तरी शेजारी बसलेच पाहिजे.

बुजगावणे आणि झाकलेला डबा

चार वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी बुजगावण्यासारखे साधन नाही, आणि गंमत अशी की हे एकच साधन तिकडच्या आणि आपल्या शरदात सारखे आहे. दोन काठ्या, फुटके मडके, जुना सदरा, थोडा कडबा किंवा कागद. मडक्याला डोळे काढताना, बाह्यांत कडबा भरताना, गुंड्या लावताना शरीराची, कपड्यांची नावे आणि "बांध, भर, खोच, उभं कर" ही सगळी क्रियापदे येतात. त्यात मोठ्याने एक खोडी करावी. सदरा पायात घालायला जावे, मडके उलटे ठेवावे. एरवी गप्प असणारे मूल अशा वेळी "असं नाही!" म्हणून ओरडते. विरोध करण्याची गरज ही बोलण्याची मोठी प्रेरणा आहे. ज्या घरात मुलाला "नाही" म्हणू देत नाहीत, त्या घरात मूल कमी बोलते, असे माझे मत झाले आहे.

भोंडल्यात, हादग्यात मुली फेर धरतात आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखायला लावतात. भोंडला कुणी करावा न करावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण खिरापत ओळखण्याचा खेळ वाचा-उपचाराच्या दृष्टीने इतका अचूक आहे की तो वेगळा काढून मुलामुलींनी मिळून कोणत्याही संध्याकाळी समाजमंदिरात किंवा चाळीच्या गच्चीवर खेळावा. डब्यात वस्तू ठेवायची आणि झाकण लावायचे. अगदी कमी बोलणाऱ्या मुलाला दोनच पर्याय द्यावेत, "शेंगा की केळं?" त्याला एकच शब्द म्हणायचा आहे. त्याच्यापेक्षा पुढच्याने प्रश्न विचारायचे, "गोड आहे? तिखट आहे? झाडावर लागतं?" प्रश्न विचारणे हे उत्तर देण्यापेक्षा अवघड असते. आणि सर्वांत अवघड काम डबा घेऊन बसलेल्याचे. त्याने नाव न घेता वर्णन करायचे. "हिरवं असतं, वरून खडबडीत, आत पांढरं, बिया काळ्या." सात-आठ वर्षांच्या ज्या मुलांना उच्चार येतात पण गोष्ट सांगता येत नाही, लेखी परीक्षेत ज्यांचे उत्तर एका ओळीत संपते, त्यांच्यासाठी हा खेळ महिनाभर चालवून पाहावा.

दिवाळीच्या सुटीत मुले मातीचे किल्ले करतात. वर, खाली, आत, बाहेर, मागे, पुढे, मधे हे जागा सांगणारे शब्द ज्यांना चित्रांवरून कळत नाहीत, त्यांना किल्ल्यावर कळतात. "मावळा बुरुजावर ठेव, तोफ दारामागे ठेव." आधी एक सूचना, ती जमली की दोन एकत्र. मातीत हळीव किंवा मोहरी टाकली की काही दिवसांत हिरवळ उगवते, तेव्हा "आधी, मग, नंतर" यांचा पाठ आपोआप होतो. किल्ला पाहायला पाहुणे येतात. तो कसा केला हे मुलानेच सांगावे. सांगताना ते अडखळले, एकच अक्षर तीनदा आले, तर "थांब, श्वास घे, नीट बोल" असे म्हणू नये. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान कित्येक मुले काही काळ अडखळतात. आपण शांत चेहऱ्याने वाक्य पुरे होऊ द्यावे, आपले बोलणे थोडे सावकाश करावे. सहा महिन्यांच्या वर टिकले, किंवा मूल बोलताना चेहरा आवळू लागले, शब्द टाळू लागले, तर तज्ज्ञाकडे न्यावे.

उच्चार : दोष कोणता, बोली कोणती?

ओठांनी उच्चारायचे प, ब, म आधी येतात. र, ळ आणि जोडाक्षरे उशिरा. तीन वर्षांचे मूल "तातीनं दादी आनली" म्हणाले तर त्यात घाबरण्याचे काही नाही. पाच वर्षांचे झाल्यावरही काकीची ताती आणि गाडीची दादी होत असेल तर मात्र काम सुरू करावे.

सुरुवात तोंडाने नाही, कानाने. मुलाला दोन आवाजांतला फरक ऐकू येतो का ते पाहावे. यासाठी एका आवाजाने बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्या घेतात. सीताफळ समोर ठेवून "फळ" आणि "पळ" अशी जोडी घ्या. मूल फळ मागताना "पळ" म्हणाले की मोठ्याने खरोखर उठून पळायचे. मूल खो-खो हसते आणि त्याच्या लक्षात येते की एका आवाजाने अर्थ बदलला. रताळ्याचे काप मागताना "ताप" म्हणाले की कपाळाला हात लावून पाहायचे, ताप आला का? "काडी" आणि "गाडी" तशीच. दहा वेळा "क म्हण, क म्हण" असे घोकवण्यापेक्षा ही एक फजिती अधिक शिकवते. मग तो आवाज एकटा, मग अक्षरात, शब्दात, छोट्या वाक्यात, आणि शेवटी सहज बोलण्यात, अशा पायऱ्या चढायच्या. मराठी शिकवताना आणखी एक बारकावा आहे. झेंडूतला झ आणि झाडातला झ लिहायला एक, उच्चाराला दोन, तसेच चंद्रातला च आणि चांदण्यातला च. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातून घेतलेल्या उच्चारांच्या याद्यांत हे सापडत नाही. मराठी मुलासाठी यादी मराठीतूनच करावी लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिकडे येतो. वऱ्हाडात, खानदेशात पुष्कळ घरांत डोळ्याला "डोया" आणि काळ्याला "काया" म्हणतात. "पाणी" ऐवजी "पानी" आणि "कोण" ऐवजी "कोन" तर महाराष्ट्राच्या कितीतरी भागांत, कितीतरी समाजांत बोलले जाते. आई "पानी" म्हणते, आजी "पानी" म्हणते, म्हणून मूल "पानी" म्हणते. हा वाचादोष नव्हे. ते मूल आपली भाषा अगदी बिनचूक शिकले आहे. वाचा-उपचाराच्या शास्त्रात बोलीभेद आणि वाचादोष यांत स्पष्ट रेषा आखलेली आहे. घरच्या माणसांसारखे जे मूल बोलते त्याच्यावर उपचार करायचे नसतात. तरीही वर्गात अशा मुलाला हसतात, "अशुद्ध बोलतो" म्हणून उभे करतात, आणि मग चांगले बोलणारे मूल बोलणेच टाकून देते. त्याच वर्गात, खरोखर कमी ऐकणारे दुसरे मूल शांत आहे, शहाणे आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. प्रमाण मराठी शाळेत जरूर शिकवावी, ती एक जास्तीची भाषा म्हणून, घरची भाषा चुकीची ठरवून नव्हे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

हीच गोष्ट इंग्रजी माध्यमाची. मूल उशिरा बोलते म्हणून "घरी एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा" असा सल्ला कधी कधी मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाला वाचादोष जडत नाही. उलट आईने स्वतःला न येणाऱ्या भाषेत चार तुटक वाक्ये बोलत राहिल्याने मुलाचे भाषेचे अन्न कमी होते. शेंगा सोलताना आईला जी भाषा सहज येते, तीच त्या वेळची खरी भाषा.

काही समज

वेखंड जिभेला चोळल्याने भाषा येत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणे तर धोक्याचे आहे. जिभेखालची शीर कापली की मूल बोलू लागते, हाही समज आहे. ती घट्ट असल्याने बाळाला अंगावर पिताना अडचण येऊ शकते, परंतु शब्दच न येण्याचे ते कारण नसते. फुंकर मारणे, शिट्टी वाजवणे, फुगे फुगवणे याने उच्चार सुधारतात असे सिद्ध झालेले नाही. मजा म्हणून करावे, उपचार म्हणून वेळ घालवू नये. आणि मोबाईल. त्यातली गाणी मूल पाठ करते म्हणून पालक खूष असतात, पण मोबाईल मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केलेल्या शिफारशीत एक वर्षाच्या मुलांना पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक बसवू नये असे म्हटले आहे.

शरदातच घर सुटते त्यांचे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीची कुटुंबे बाहेर पडतात, ती मार्च-एप्रिलला परततात. ज्या मुलाचा उपचार नुकताच सुरू झालेला असतो तो नेमका या दिवसांत तुटतो. विदर्भात वेचणीच्या दिवसांत आईला मुलाशी बोलायला उसंत नसते. अशा घरांना रोज अर्धा तास खेळायला बसा असे सांगणे व्यर्थ आहे. त्यांच्यासाठी नवे काम काढायचे नाही, आहे त्या कामातच शब्द घालायचे. वेचताना "बोंड, कापूस, सरकी, मऊ, टोचतं", फडावर "वाढं, मोळी, बैल, चाक, बांध, उचल, टाक". मूल शेजारी असते तेव्हा हाती काम असूनही तोंड मोकळे असते. तज्ज्ञाने निघण्यापूर्वी पालकांना पुढच्या पाच महिन्यांसाठी दोनच गोष्टी नीट करून दाखवाव्यात, थांबणे आणि एक शब्द वाढवून परत देणे. अधिक सांगितले तर काहीच होत नाही. त्या कुटुंबातली शिकणारी मोठी बहीण किंवा भाऊ असेल तर तोच खरा सहायक.

तपासणीसाठी कुठे जावे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, आणि "बोलत नाही" ही तक्रार पथकापुढे आपण होऊन सांगावी. त्या धावपळीत गप्प मूल तसेच पुढे सरकते. पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगजनांची राष्ट्रीय संस्था आहे. खाजगी तज्ज्ञाकडे जायचे असेल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत श्रवणदोष तसेच वाचा व भाषा दिव्यांगत्व यांचा समावेश आहे, प्रमाणपत्राची गरज असल्यास त्याच आधारे मागणी करता येते.

जाताना एक साधी वही न्यावी. मूल स्वतः होऊन बोलते ते शब्द, ते जसे उच्चारते तसेच, त्यात लिहिलेले असावेत. शेंगेला "एंगा" म्हणत असेल तर "एंगा" असेच. समोर तारीख टाकावी, आणि शब्द नसेल पण खूण असेल तर ती खूणही लिहावी. दसऱ्याला सुरू केलेल्या वहीत माघापर्यंत किती ओळी वाढल्या, यावरून तज्ज्ञाला पुढचे काम ठरवता येते.